कुत्र्याचा डावा कान

झुटफेन, १४ फेब्रुवारी १७९५

योस्ट,

जिवंत आहेस का, एवढं आधी कळव. बाकीचं नंतर.

इकडे इंग्रज गेले आणि फ्रेंच आले. इंग्रज म्हणजे आपले मित्र, राजपुत्राला वाचवायला आलेले. जाता जाता त्यांनी माझं कुंपण जाळलं, कोंबड्या नेल्या, आणि मोठ्या चर्चमध्ये पेंढ्यावर त्यांची जी माणसं मेली ती तशीच टाकून गेले. थंडी होती तोवर वास नव्हता. आता बर्फ वितळायला लागलंय. रविवारी प्रार्थनेला गेले तर पायाखाली चिकचिकत होतं, आणि ते पाणी नव्हतं. बाहेर येऊन भिंतीला धरून मी ओकले. पाळकांची बायको म्हणाली, "आलेइदाबाई, पोट बिघडलं का?" म्हटलं, पोट चांगलं आहे, डोळ्यांनी जे खाल्लं ते पचेना.

फ्रेंचांच्या पायात धड बूट नाहीत, पण निदान दार वाजवून मागतात. गावातल्या नारिंगी फिती एका दुपारात चुलीत गेल्या. ज्या बायकांनी आठ वर्षं टोपीला, छातीला, गाईच्या शेपटीलासुद्धा राजपुत्राचा रंग बांधला होता, त्याच आता लाल-पांढरं-निळं शिवत बसल्यात. भाजीवाली ट्राइन्ये गाजरं पाल्याखाली झाकून ठेवते. काल तिच्याकडे गाजरं मागितली तर इकडेतिकडे बघून म्हणाली, "हळू बोला हो."

आणि तुझा राजपुत्र म्हणे मासेमारी होडीत बसून इंग्लंडला पळाला. दोन बोटं वर करून तू त्याचीच शपथ घेतली होतीस ना? मग आता त्या बोटांचं काय करतोस?

सत्याऐंशी साली राजपुत्राविरुद्ध उठले म्हणून देशाबाहेर घालवलेले देशभक्त परत यायला लागलेत. आपल्या राइनीरचं अजून काही कळलं नाही. आठ वर्षांनी परतणारा भाऊ आधी बहिणीच्या दाराशी येईल असं मला वाटत होतं. तू कोणत्या बाजूला आहेस तेही कळव, म्हणजे कोणासमोर तुझं नाव घ्यायचं आणि कोणासमोर गिळायचं ते ठरवता येईल.

आलेइदा


स्वातंत्र्य, समता, बंधुता
द हेग, २२ फेब्रुवारी १७९५, बटाव्हियन स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष

नागरिक भगिनी,

वरचं वाचून हसू नकोस. नव्या राज्यात हल्ली अशीच सुरुवात करावी लागते, पत्रं कोण वाचेल याचा नेम नाही.

ताई, मी सुखरूप आहे. पलटण तीच, तंबू तेच, टोपीवरचा बिल्ला तेवढा बदलला. तू बोटांबद्दल विचारलंस. शिपाई माणसाची चाकरी करत नाही, भूमीची करतो, आणि भूमी काही होडीत बसून पळाली नाही. पुन्हा एकदा बोटं वर केली. हात दुखला नाही.

पण संकट आहे. सगळ्या अधिकाऱ्यांची तपासणी करायला एक समिती नेमली आहे. सत्याऐंशी साली जे राजपुत्राच्या बाजूने होते त्यांना काढून टाकणार. कोणी खात्रीचा देशभक्त उभा राहून "हा माणूस मनाने आमचाच होता" म्हणाला तरच नोकरी राहते. आणि त्या समितीवर कोण आहे? आपला राइनीर.

डिसेंबरात फ्रान्सहून निघालेला तो फौजेबरोबर आला. केस पिकलेत, खोकतो. परवा समितीच्या इमारतीच्या बोळात समोरासमोर आलो. मी हात पुढे केला, त्याने पाहिलासुद्धा नाही. पुढे गेला, थांबला, आणि पाठमोराच म्हणाला, "वाकरचं काय झालं?"

आठ वर्षांनी भेटलेल्या माणसाने सख्ख्या भावाला विचारलेला हा एकच प्रश्न. कुत्र्याबद्दल. मला काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे आहे. मी त्याला वाचवला." त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो सोडवून घ्यायला हवा होता असं तू म्हणशील.

आता बोललो ते निभावायला हवं. डेल्फ्टच्या एका नावाड्याकडून कुत्रा घेतला आहे. तसाच करडा, झुबकेदार शेपटीचा. वयाने जरा लहान आहे, पण तोंडावर माझी केसांना लावायची पांढरी भुकटी चोळली की म्हातारा दिसतो. हल्ली या जातीचे कुत्रे मिळेनासे झालेत. देशभक्तांचं जनावर ना, मग जो तो एक बांधून फिरतो. माझ्या बायकोचा, पेट्रोनेलाचा, पग कुत्रा मात्र घालवावा लागला. राजपुत्राच्या माणसांची खूण घरात ठेवून कसं चालेल? तो कुठे गेला ते विचारू नकोस. मुली माझ्याशी बोलत नाहीत.

आता कामाचं. वाकरचा एक कान फाटका होता. उजवा की डावा? उलट टपाली कळव. आणि राइनीरने विचारलं तर फक्त "हो" म्हण.

बंधुत्वाने,
योस्ट वेसेलिंक, कॅप्टन


झुटफेन, १ मार्च १७९५

योस्ट,

तुझं पत्र चिमट्याने धरून चुलीत टाकावं असं वाटलं. टाकलं नाही, कारण उत्तर द्यायचं होतं.

तुझी आठवण इतकी कच्ची झाली असेल तर मी सांगते. सप्टेंबर महिना होता. राजपुत्राला पुन्हा गादीवर बसवायला प्रशियाची फौज सरहद्द ओलांडून आली आणि देशभक्तांची पळापळ झाली. राइनीर उजाडायच्या आत निघाला. कुत्रा भुंकेल आणि पकडला जाईन म्हणून वाकरला माझ्याकडे ठेवून गेला. सकाळी तुझी कंपनी गावात शिरली आणि तिच्या मागोमाग नारिंगी फितीवाले. एकेक देशभक्ताचं घर फोडत, गाद्या फाडत, पिपं ओतत ते आपल्या दाराशी आले. पायरीवर तू उभा होतास, गणवेशात. कोणीतरी ओरडलं, "इथे त्यांचा कुत्रा आहे!"

तू म्हणू शकला असतास, माझ्या बहिणीचा आहे. तुझ्यापाशी बंदुकधारी होते. त्या लोकांपाशी काठ्या होत्या.

तू माझ्या झग्याआडून वाकरला ओढून काढलंस. पिल्लू असल्यापासून तुला ओळखायचा तो. त्याने तुझा हात चाटला. तू त्याला पायरीवर नेलंस आणि कानाला धरून गोळी घातलीस. लोकांनी आरोळी ठोकली. कोणीतरी तुझ्या तलवारीला नारिंगी फीत बांधली आणि तू वाकून सलाम केलास. आणि आत येऊन मला म्हणालास, "बघ, घर वाचवलं."

ती पायरी मी अजून दर शनिवारी घासते. सगळ्या गल्लीतल्या बायका आपापली घासतात, कोणाला वेगळं काही वाटत नाही. वाकर नासपतीच्या झाडाखाली आहे.

आणि तू विचारतोस, कोणता कान? तुझ्या हातात होता तो. हाताला विचार. तुझी शिसारी येते मला योस्ट. राजपुत्र सोडलास याची नाही, तो कोणालाही सोडावासा वाटेल असाच होता. त्या मेलेल्या मुक्या जिवावर चढून पुन्हा उंच व्हायला निघालास, याची.

मी "हो" म्हणणार नाही.

आलेइदा


द हेग, ४ मार्च १७९५

लाडक्या ताई,

इतक्या वर्षांनी उघड्या पत्रावर तुझं नाव लिहितोय. फ्रान्समध्ये सांतोमेरला आम्ही हद्दपार माणसं बराकीत राहायचो. तुला लिहायची सोय नव्हती. राजपुत्राची माणसं पत्रं फोडत, आणि तुझ्या घराकडे पुन्हा लोक वळले असते. यायला उशीर होतोय त्याबद्दल रागावू नकोस. समितीचं काम संपलं की पहिला तुझ्याकडे येईन, आणि वाटाण्याचं ते चमचा उभा राहील असं घट्ट सूप खाईन.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. योस्ट भेटला. तू मला ओळखतेस, आठ वर्षं मी त्याला मनात शिव्या देत झोपलो. राजपुत्राच्या लोकांबरोबर तो गावात शिरला हे मला रस्त्यातच कळलं होतं. त्याच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. आणि त्याने काय सांगितलं? वाकर जिवंत आहे. राजपुत्राचा अधिकारी असून त्याने देशभक्ताचा कुत्रा आठ वर्षं लपवून पाळला. ताई, मी नंतर जिन्याखाली जाऊन रडलो. माझ्या मनातली अढीच गेली. ज्याने हे केलं तो वाईट कसा असेल?

वाकरला अजून पाहिलं नाही, गावाबाहेर एका मित्राकडे आहे म्हणे. भेटला की आधी त्याचा कान चाचपणार. स्वयंपाकघराच्या त्या वर-खाली दोन फळ्यांच्या दाराची खालची फळी मी धाडकन लावली आणि त्याचा कान सापडला, आठवतं? तू मला चपलेने मारलंस आणि त्याला लोणी लावलंस. त्या फाटीवरून बोट फिरवत मी वाचत बसायचो.

वीस तारखेला योस्टचं प्रकरण समितीपुढे येईल. मी त्याच्यासाठी बोलणार आहे. तेवढं "खरं आहे" असं तुझ्या हातचं आलं की माझं मन पुरतं निवेल.

तुझा
राइनीर


द हेग, ९ मार्च १७९५

ताई,

या वेळी वर काही लिहीत नाही. तुझ्या पाया पडतो.

राइनीर रोज विचारतो, कुत्रा कधी दाखवतोस. मी तुझ्या पत्राची वाट पाहत होतो, तू शिव्या पाठवल्यास. शेवटी अंदाजाने उजवा कान फाडून घेतला. पलटणीच्या न्हाव्याने केलं, मी धरलं होतं. जरासा कान तर आहे, शेतकरी डुकरांचे कापतातच की. पण आता झोप लागत नाही. तो डावा असेल तर?

तुला माझी किळस येत असेल तर येऊ दे. पण पेट्रोनेलाकडे बघ. मी नोकरीतून निघालो तर राजपुत्राचा माणूस म्हणून निघेन, आणि मग कोण दारात उभं करेल? काल बाजारात एका काढलेल्या मेजरच्या बायकोवर पोरांनी मासळीची आतडी फेकली. मुलींची लग्नं व्हायची आहेत. तुझ्या भाच्या आहेत त्या. त्यांनी काय केलंय?

तू राइनीरला खरं लिहिलंस तर एका ओळीत आम्ही सगळे संपू. आणि त्याचं काय भलं होईल? आत्ता तो सुखात आहे. त्याला एक भाऊ आणि एक कुत्रा परत मिळालाय. ते तू हिसकावून घेणार?

कोणता कान, एवढं सांग.

योस्ट


झुटफेन, १३ मार्च १७९५

योस्ट,

डावा.

वाचलंस? आता तुझ्या घरात बसलंय ते उजव्या कानाचं जनावर आहे आणि राइनीरचं बोट डाव्या कानाची फाट शोधणार आहे. मी हे सांगतेय ते तुला मदत म्हणून नाही. तुझी वाट बंद झाली हे तुला कळावं म्हणून.

आता एकच दार उघडं आहे. राइनीरकडे जा आणि खरं सांग. लोक चढून आले होते, मी घाबरलो, गोळी घातली, आणि तू विचारलंस तेव्हा लाजेने खोटं बोललो. एवढंच. तो मऊ आहे, लहानपणापासून आहे. तो ओरडेल, रडेल, आणि मग तुझ्यासाठी उभा राहील. खऱ्याच्या जोरावर मिळालेली नोकरी तुझ्या मुलींच्याही कामाची. भाच्या माझ्या आहेत हे मला तू सांगायला नको. त्यांच्यासाठीच मी राइनीरच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.

वीस तारखेपर्यंत थांबते. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

त्या कुत्र्याच्या कानाला हंसाची चरबी लाव. आणि न्हाव्याला सांग, तुझी हजामत करताना हात तसाच चालू दे.

आलेइदा


स्वातंत्र्य, समता, बंधुता
द हेग, २१ मार्च १७९५, पहिलं वर्ष

प्रिय ताई,

झालं! तुझे उपकार जन्मात फेडता येणार नाहीत.

तुझं "डावा" वाचलं आणि आधी म्हटलं, संपलं. मग वाटलं, कुत्र्याला कान दोन असतात. न्हाव्याला पुन्हा बोलावलं. या वेळी कुत्रा चावला, अंगठ्याला पट्टी आहे, पण डावा बरोबर जमला. मग उजव्याचं काय सांगायचं? ते तर आपोआप सुचलं. सत्याऐंशी साली लोक चढून आले तेव्हा मी कुत्र्याला अंगाखाली घेऊन पायरीवर आडवा झालो, आणि एका नारिंगीवाल्याच्या कोयत्याने त्याचा उजवा कान गेला. समितीपुढे सांगितलं. ताई, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सांगता सांगता मलाच ते दिसायला लागलं. समितीचे कारकून डोळे पुसत होते. राइनीर उठला, कुत्र्याजवळ वाकला, आणि माझ्या बाजूने बोलला. सही केली.

मी राहिलो एवढंच नाही, मेजर होतोय. देशभक्ताच्या कुत्र्यासाठी जिवावर उदार झालेला अधिकारी, अशी आमची गोष्ट आता सगळ्या बराकीत सांगतात.

पाहिलंस ना? तू एवढी टाकून बोललीस, पण वेळेला बहिणीचंच रक्त धावलं. "डावा" लिहिलं नसतंस तर मी बुडालो होतो.

तुझा,
योस्ट


झुटफेन, २४ मार्च १७९५

राइनीर,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, त्याची फळं मिळाली.

वाकर मेला. तू गेलास त्याच दिवशी, आपल्या पायरीवर, योस्टने गोळी घातली. लोकांना खूश करायला. मी झग्यात गुंडाळून त्याला नासपतीखाली पुरला. तुझ्यापुढे आणला तो डेल्फ्टच्या नावाड्याचा कुत्रा. त्याचा एक कान अंदाजाने कापला आणि दुसरा माझ्या पत्रावरून. मी खरं लिहिलं की योस्ट अडेल असं मला वाटलं. त्याच्यात अजून अडण्यासारखं काही शिल्लक आहे असं समजले, ही माझी चूक. काल त्याचे आभार आले. तेव्हापासून ताकातली पेजसुद्धा घशाखाली उतरत नाही.

तुला दुखवायला लिहीत नाही. तू ज्या गोष्टीवर सही केलीस ती काय आहे हे तुला ठाऊक असावं. आता काय करायचं ते तू ठरव. भाच्यांना मी इथे ठेवून घेईन, पेट्रोनेलालाही. घरात जागा आहे.

आलेइदा


द हेग, २८ मार्च १७९५

लाडक्या ताई,

तुझं पत्र वाचलं. बस, आणि शांतपणे हे वाच.

मला माहीत होतं.

कुत्रा आणला तेव्हा मी "वाकर" म्हणून हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तेवढ्यात खाली कालव्यावर कोणी नावाड्याने शिंग फुंकलं, तर खिडकीकडे झेपावला. मी वाकलो, कानाला हात लावला, तर खपली ओली होती आणि तो अख्खा थरथरत होता. बाहीला पांढरी भुकटी लागली. मी एवढा मूर्ख नाही ताई. वाकर कसा मेला ते ठाऊक नव्हतं, पण जिवंत नाही हे त्या क्षणी कळलं.

आणि तरी मी सही केली. का, ते सांगतो. आठ वर्षं आम्ही बराकीत भाषणं केली. आता राज्य हातात आलंय आणि तोफ कशी डागायची हे आमच्यातल्या कोणाला येत नाही. ज्यांना येतं ते सगळे राजपुत्राकडे चाकरीला होते. त्यांना काढलं तर फौज नाही. ठेवायचं तर काहीतरी सबब हवी, आणि योस्टची सबब इतरांपेक्षा छान होती. तू म्हणशील तसा तो हलकट असेल. पण आता तो माझ्या मुठीत आहे. मी तोंड उघडलं की संपला, हे त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलंय. असा मेजर कामाचा असतो. कुत्र्याला पट्टा हवाच.

तुला वाईट वाटेल. मलाही त्या रात्री वाटलं. पण इथे आज प्रत्येकाने असा एकेक कुत्रा आणून बांधलाय. कोणाकोणाचे कान तपासायचे?

तेव्हा तूही आता गप्प राहा. ईस्टरला आम्ही दोघं झुटफेनला येतोय. बाजारात नव्या राज्याची खूण म्हणून स्वातंत्र्याचं झाड लावायचं आहे. योस्ट बोलेल, मी बोलेन, आणि गावासमोर तुझ्या दाराशी येऊन आम्ही तुला मिठी मारू. फाटलेली घरं पुन्हा जुळली, हे लोकांना दिसायला हवं. कुत्रा योस्टने आधीच बोटीने तुझ्याकडे पाठवलाय. कान चिघळलेत, वासाने घरात कोणाला जेवण जात नाही. तुझा हात चांगला आहे. ईस्टरपर्यंत दिसण्याजोगा कर, गळ्यात तिरंगी फीत बांधायची आहे.

तुला फक्त दार उघडायचं आहे, ताई.

तुझा
राइनीर


झुटफेन, १ एप्रिल १७९५

योस्ट आणि राइनीर,

एकच पत्र लिहिते. वेगळी लिहायचं कारण उरलं नाही.

कुत्रा सोमवारी पोचला. नावाड्याने पोत्यातून काढून पायरीवर ठेवला आणि नाक धरून निघून गेला. दोन्ही कानांत पू होता, डाव्यात अळ्या. कोमट मिठाच्या पाण्याने धुतले, चिमट्याने एकेक काढल्या, हंसाची चरबी लावली. मला एकदाही ओकारी आली नाही. तुमची पत्रं वाचताना येते, तिच्यापुढे हे काहीच नव्हतं.

तो खातो. राय धान्याची भाकरी ताकात बुडवून दिली की भांडं चाटून पुसतो. हाक मारली की येतो, पण डोक्याकडे हात नेला की जमिनीला चिकटून मुततो. कॅप्टन असताना धरलंस तेव्हाही असाच करत असेल, मेजरसाहेब. ते तू समितीला सांगितलं नाहीस.

आठ वर्षं मला वाटायचं, माझा एक भाऊ वाईट आहे आणि एक चांगला. वाईटाला शिव्या द्यायच्या आणि चांगल्याची वाट पाहायची, यावर माझे दिवस गेले. योस्टने भीतीने गोळी घातली आणि हावेने कान कापले. तू मात्र राइनीर, ओल्या खपलीवर बोट ठेवून, जनावर थरथरतंय हे समजून, सही केलीस. वाकरला फळीत चेंगरलंस तेव्हा निदान रडला होतास. खरं सांगते, योस्टच्या पत्राचा मला वीट आला होता, तुझ्या पत्राने मी रिकामी झाले.

शेजारचे बेरेंडकाका काल कुंपणापाशी थांबून म्हणाले, "आलेइदाबाई, हा देशभक्तांचा कुत्रा, की त्यांच्यासारखा दिसणारा?" मी म्हटलं, नावाड्याचा आहे. त्याला नदीवरच्या बोटी दिसतील अशा जागी त्याचं अंथरूण घातलंय. गळ्यात फीत बांधणार नाही, ना तुमची, ना त्यांची.

पेट्रोनेला आणि मुली केव्हाही येऊ देत. त्यांना पत्र वेगळं लिहिलंय, योस्टने ते फोडू नये.

ईस्टरला तुम्ही झाड लावा, भाषणं करा, गावासमोर रडा. माझ्या दाराशी याल तर वरची फळी उघडी असेल, बोलायला मी नाही म्हणणार नाही. खालची बंद असेल. ती आपण जनावरं आत येऊ नयेत म्हणून लावतो, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. कुत्रा माझ्याजवळ आत असेल.

आलेइदा